कुत्र्याची खाज अन्नामुळे की भोवतालामुळे? खान्देशात नव्याने कुत्रा पाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

कुत्रा सतत अंग खाजवू लागला, पंजे चाटू लागला, कान झटकू लागला की घरात दोन निदाने लगेच तयार होतात. कोणी म्हणते, चिकन ‘गरम’ पडले. कोणी म्हणते, पावसाळी हवेने कातडी बिघडली. दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात. अडचण अशी की अन्नाच्या ॲलर्जीची खाज आणि धूळ, परागकण, बुरशी यांच्या ॲलर्जीची खाज कुत्र्याच्या अंगावर जवळजवळ सारख्याच जागी उमटते: पंजे, तोंडाभोवतीचा भाग, कान, काखा आणि जांघा. त्यामुळे नुसते कातडीकडे पाहून यातले कोणते कारण आहे हे अनुभवी पशुवैद्यकालाही ठामपणे सांगता येत नाही, आणि रक्ताची एखादी चाचणी केली की निकाल हाती आला, अशीही सोय नाही. निदान होते ते एकेक कारण बाद करत जाण्याने. आधी अंगावरचे कीटक, मग कातडीचा संसर्ग, मग अन्न, आणि एवढे तपासूनही खाज उरली तर भोवताल, असा हा क्रम आहे. तो उलटा केला, म्हणजे अंगावर पिसवा असतानाच महागडे खाद्य सुरू केले, तर दोन महिने आणि बराच पैसा खर्च होऊनही काही कळत नाही.

पहिली पायरी: पिसवा, गोचीड आणि लूत

‘आमच्या कुत्र्याच्या अंगावर एकही पिसू नाही’ हे वाक्य प्रत्येक दवाखान्यात ऐकू येते आणि ते बहुधा प्रामाणिकपणे म्हटलेले असते. मात्र पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला खाज सुटायला थोडेसे चावेही पुरतात, आणि तो स्वतःला इतका चाटतो-चावतो की पिसवा दिसण्यापूर्वीच गिळल्या जातात. म्हणून पिसू शोधण्यापेक्षा तिची विष्ठा शोधावी. शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवून निघालेले काळे कण पांढऱ्या ओल्या कापडावर ठेवावेत. त्यांभोवती लालसर तांबूस डाग पसरला तर ते पचलेले रक्त आहे आणि पिसवा आहेत, असे समजावे. खाजेची जागाही इथे बरेच सांगते. कमरेचा मागचा भाग, शेपटीचे मूळ आणि मांड्यांची मागची बाजू एवढ्यावरच केस गेले असतील, तर अन्नाचा विचार करण्याआधी पिसवांचा करावा.

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा वर जातो, तेव्हा उघड्या, तापलेल्या जमिनीवर पिसवांच्या अळ्या टिकत नाहीत, हे खरे. परंतु गोठ्यातली सावली, केळीच्या बागेत ठिबकाखाली राहणारी ओल आणि कूलर लावलेली गार खोली या तिन्ही ठिकाणी त्यांचे बारमाही निभते. प्रौढ पिसवा अंगावर असतात. अंडी, अळ्या आणि कोष मात्र अंथरुणात, पोत्यांत आणि ओट्याच्या फटींत असतात. त्यामुळे एका कुत्र्याला एकदा औषध देऊन भागत नाही. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी, आणि सलग दोन-तीन महिने औषध द्यावे लागते.

लूत हा या पायरीवरचा दुसरा संशयित आहे. खरजेचे सूक्ष्म किडे कातडीत बिळे करतात. कानाच्या पाळीच्या कडा, पायांची कोपरे आणि पोट यांवर खपल्या धरतात, खाज भयंकर असते, आणि पुष्कळदा घरातल्या माणसांच्या हातावर-पोटावरही पुरळ उठते. कानाच्या पाळीची कड दोन बोटांत धरून चोळली असता कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला, तर लुतीचा संशय बळावतो. पशुवैद्यक कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पण हे किडे नमुन्यात सापडतीलच असे नसते, म्हणून संशय असल्यास तपासणी कोरी आली तरी उपचार करून पाहतात. फ्लुरालानर (एका गोळीचा परिणाम सुमारे १२ आठवडे) किंवा अफॉक्सोलानर (महिन्याला एक गोळी) अशी औषधे पिसवा, गोचीड आणि लुतीचे किडे या सगळ्यांवर चालतात. त्यामुळे एकाच औषधाने तीन संशयित बाद करता येतात. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

आपल्याकडच्या काही प्रथांबद्दल इथेच स्पष्ट लिहिलेले बरे. लूत लागलेल्या कुत्र्याला गाडीचे जळालेले ऑईल किंवा रॉकेल चोपडणे हे विष चोपडणे आहे. कुत्रा ते चाटतो आणि ते कातडीतूनही शरीरात जाते. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेले औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्यावर ओतणे तितकेच धोक्याचे आहे. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कोणाकडूनही टोचून घेऊ नये; कोली आणि तिच्याशी नाते असलेल्या जातींमध्ये ते मेंदूपर्यंत पोहोचून जीव जाऊ शकतो.

दुसरी पायरी: कातडीचा संसर्ग

ॲलर्जी कोणतीही असो, खाजवून फाटलेल्या कातडीवर जिवाणू आणि यीस्ट वाढतात, आणि मग त्यांचीच वेगळी खाज सुरू होते. मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टने कातडी तेलकट होते, जुनाट झाल्यावर जाड आणि काळी पडते, आणि तिला खवट वास येतो. पंजांच्या बोटांमध्ये आणि कानांत हे विशेष दिसते. स्टॅफिलोकोकस जिवाणूंमुळे बारीक पुळ्या आणि कडेला पापुद्रे सुटलेले गोल चट्टे उठतात. दवाखान्यात चिकटपट्टीने किंवा काचपट्टीने नमुना घेऊन ही तपासणी थोड्या वेळात होते आणि ती फारशी महागही नसते. तिचा आग्रह धरावा.

संसर्ग न हटवता खाद्य बदलले, तर खाद्य योग्य असूनही खाज राहते आणि निष्कर्ष चुकतो. क्लोरहेक्सिडीन असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, अंगावर १० मिनिटे ठेवून मग धुणे, हा यातला महत्त्वाचा भाग आहे. ही १० मिनिटे घड्याळ लावून पाळावीत. लावला आणि लगेच धुतला, तर औषध काम करीत नाही. माणसांचा साबण वापरू नये, कारण कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते आणि आपल्या साबणाने ती अधिक कोरडी होते.

तिसरी पायरी: वही

कीटक आणि संसर्ग हटल्यावर खाज पूर्ण थांबली, तर हा लेख इथेच सोडून द्यावा. राहिली, तर वही घ्यावी. दर रविवारी घरातल्या एकाच व्यक्तीने खाजेला ० ते १० पैकी गुण द्यावेत: ० म्हणजे निरोगी कुत्रा जेवढे सहज खाजवतो तेवढेच, आणि १० म्हणजे खाणे, खेळणे, झोपणे सोडून अखंड खाजवणे. शेजारी चार गोष्टी लिहाव्यात: कुठे खाजवतो, दिवसातून किती वेळा शौचाला जातो आणि ती कशी होते, त्या आठवड्यात पोटात काय गेले, आणि हवा-परिसरात काय बदल झाला. त्याच जागांचे मोबाइलवर फोटो काढावेत. आठवणीवर विसंबलेला माणूस ‘मागच्या महिन्यापेक्षा थोडे बरे आहे’ एवढेच सांगू शकतो, आणि त्यावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

मागचे आठवून एक गोष्ट मात्र पहिल्याच पानावर लिहावी: खाज प्रथम कोणत्या वयात आणि कोणत्या महिन्यात सुरू झाली. भोवतालची ॲलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात डोके वर काढते. अन्नाची ॲलर्जी कोणत्याही वयात होऊ शकते. म्हणून सहा महिन्यांच्या आतले पिल्लू किंवा आयुष्यभर ठणठणीत असलेला सात-आठ वर्षांचा कुत्रा अचानक खाजवू लागला, तर अन्नावरचा संशय वाढतो. गुदद्वाराभोवती खाज, वारंवार मऊ शौच, पोटात गुडगुड आणि वायू, अधूनमधून उलटी, हीसुद्धा अन्नाकडे बोट दाखवणारी लक्षणे आहेत. परंतु हे केवळ संकेत आहेत. पोट अगदी व्यवस्थित असलेल्या कितीतरी कुत्र्यांना अन्नाची ॲलर्जी निघते.

‘बारा महिने खाज म्हणजे अन्न, ठरावीक ऋतूत खाज म्हणजे हवा’ हा नियम सर्वत्र सांगितला जातो, आणि तो अर्धाच बरोबर आहे. सलग दोन वर्षे खाज त्याच महिन्यांत येऊन औषधाविना त्याच सुमारास जात असेल, तर कारण भोवतालात आहे असे धरता येते आणि खाद्याची परीक्षा तूर्त बाजूला ठेवता येते. उलट दिशेने मात्र तसे म्हणता येत नाही, कारण घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे बारा महिने असतात आणि त्यांची ॲलर्जीही बारा महिने खाजवते. बारमाही खाजेत खाद्याची परीक्षा टाळता येत नाही.

चौथी पायरी: आठ आठवड्यांची खाद्यपरीक्षा

अन्नाची ॲलर्जी बहुतेक वेळा प्रथिनांची असते, आणि जे प्रथिन कुत्रा वर्षानुवर्षे खात आला आहे त्याचीच ती होऊ शकते. ‘दूध-पोळी तर तो लहानपणापासून खातो’ हा म्हणूनच बचाव ठरत नाही. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींमध्ये गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, चिकन आणि गहू ही नावे वर आहेत. आपल्याकडच्या कुत्र्याच्या ताटलीचा विचार केला तर दूध, गव्हाची पोळी, चिकन आणि अंडे यांच्यापासून सुरुवात करावी लागते. दुकानातल्या तयार खाद्यातही बहुधा चिकन आणि धान्येच असतात. यामुळेच एका कंपनीचे खाद्य बंद करून दुसऱ्या कंपनीचे आणणे याला परीक्षा म्हणता येत नाही: पिशवी बदलते, आतले चिकन तेच राहते.

रक्ताच्या, लाळेच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. निरोगी कुत्र्यांचे नमुनेही त्यांत दोषी ठरतात. विश्वासार्ह मार्ग एकच आहे: पूर्वी कधी न खाल्लेले, किंवा ॲलर्जी होऊ नये इतके बारीक तुकडे केलेले प्रथिन आठ आठवडे द्यायचे आणि दुसरे काहीही द्यायचे नाही. अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक पाच आठवड्यांत आणि ९० टक्क्यांहून अधिक आठ आठवड्यांत सुधारतात, म्हणून मुदत आठ आठवड्यांची ठेवतात. दोन आठवड्यांनी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

खाद्य निवडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे विघटित (म्हणजे असे बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनांचे तयार खाद्य; यात रॉयल कॅनिनचे हायपोॲलर्जेनिक सोयाच्या विघटित प्रथिनांवर, तर हिल्सचे झेड-डी चिकनच्या यकृताच्या विघटित प्रथिनांवर आधारलेले आहे. ते महाग असते आणि तालुक्याच्या गावी सहसा मागवावे लागते, म्हणून पूर्ण आठ आठवड्यांचा साठा आधी हातात असल्याशिवाय सुरुवात करू नये. दुसरा मार्ग घरी शिजवण्याचा. कुत्र्याने मासे कधी खाल्ले नसतील, तर काटे काळजीपूर्वक काढलेला उकडलेला रोहू किंवा कटला आणि त्यासोबत उकडलेले रताळे किंवा बटाटा, एवढेच. मीठ, तेल, मसाला, कांदा, लसूण काहीही नाही. कांदा आणि लसूण तर ॲलर्जीचा प्रश्न नसतानाही कुत्र्याला विषारीच आहेत. चिकन चालत नसेल म्हणून बदक किंवा दुसरा पक्षी, किंवा दुधाचा संशय असताना बकऱ्याचे मटण निवडणे टाळावे, कारण जवळच्या प्राण्यांची प्रथिने एकमेकांसारखी असतात आणि ॲलर्जी एकावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. शाकाहारी घरात विघटित सोयाचे तयार खाद्य हाच सोयीचा मार्ग. घरी शिजवलेला असा आहार प्रौढ कुत्र्याला आठ आठवडे चालतो, त्यापुढे नाही. वाढत्या पिल्लासाठी तो अपुरा असल्याने तयार खाद्यच निवडावे. खाद्य एकदम न बदलता पाच-सहा दिवस जुन्यात मिसळत न्यावे आणि आठ आठवडे त्यानंतर मोजावेत.

आता खरी अवघड गोष्ट. परीक्षा बिघडते ती बहुधा कुत्र्यामुळे नव्हे, तर घरामुळे. आजी सकाळी चहात बुडवलेला टोस्टचा तुकडा देते. वरणबट्टीच्या दिवशी बट्टीचा कोपरा ओट्यावरून खाली पडतो. शेजारी कळण्याच्या भाकरीचा उरलेला चतकोर प्रेमाने कुंपणावरून टाकतात. यांतला कोणताही घास दुधाचा, गव्हाचा किंवा डाळीचा असतो आणि एका घासाने मागचे काही आठवडे वाया जाऊ शकतात. मळ्यातल्या कुत्र्याची गोष्ट आणखी कठीण: तो धार काढताना सांडलेले दूध चाटतो, गुरांच्या आंबोणातली सरकीची ढेप खातो, उंदीर मारतो आणि गाय व्याली की वारही खातो. गल्लीत मोकळा हिंडणाऱ्या किंवा मळ्यात राखणीला सोडलेल्या कुत्र्याची खाद्यपरीक्षा त्याला बांधून किंवा बंदिस्त अंगणात ठेवल्याशिवाय होत नाही. ते शक्य नसेल तर सुरूच करू नये, आणि डॉक्टरांना तसे सांगून खाज आटोक्यात ठेवण्याचे उपचार घ्यावेत. तोही एक प्रामाणिक निर्णय आहे.

सुरू करायचे ठरले, तर घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या ताईंना आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना एकत्र सांगावे. आठ आठवडे खाऊ घालणारी व्यक्ती एकच असावी. बक्षीस म्हणून द्यायचा तुकडाही त्याच परीक्षेच्या अन्नातला असावा. चघळायची हाडे, चवीच्या जंताच्या गोळ्या, मांसाच्या चवीचे टूथपेस्ट हे सगळे बंद. पिसवांवरच्या चघळायच्या गोळ्यांतही प्राण्यांचे प्रथिन असू शकते, म्हणून ती गोळी परीक्षेआधी द्यावी किंवा मानेवर लावायचे औषध डॉक्टरांकडून घ्यावे. घरातल्या मांजराची ताटली उंचावर ठेवावी.

मुहूर्ताचाही विचार करावा, आणि हे मी गमतीने लिहीत नाही. आखाजीला मांडे आणि आमरस, पोळ्याला बैलांचा नैवेद्य, पितृपक्षात कावळा आणि गायीबरोबर कुत्र्यासाठी वाढलेले पान, दिवाळीचा फराळ: या काळात कुत्र्याच्या तोंडी काही जाणार नाही, अशी खात्री खान्देशातल्या कोणत्याही भरल्या घरात देता येत नाही. तुळशीच्या लग्नानंतर सुरू करून संक्रांतीच्या आसपास संपणारी परीक्षा त्या मानाने निर्वेध पार पडते, आणि हवामानही त्या काळात एकसारखे राहते.

हवामानाचा मुद्दा दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. समजा, श्रावणात परीक्षा सुरू केली आणि आश्विनात कुत्रा बरा झाला. त्याच दोन महिन्यांत पाऊस थांबला, हवेतली ओल कमी झाली, गवत वाळू लागले. मग कुत्रा कशाने बरा झाला? हे कळण्यासाठी परीक्षेचा दुसरा अर्धा भाग करावाच लागतो: आठ आठवड्यांनी सुधारणा दिसली की जुने अन्न जसेच्या तसे पुन्हा सुरू करायचे. अन्नाची ॲलर्जी असेल तर खाज काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत परतते. पुन्हा परीक्षेचे अन्न दिले की शमते. हे घडले तरच निदान पक्के. बऱ्या झालेल्या कुत्र्याला मुद्दाम खाजवायला लावायचे, हे जिवावर येते आणि अनेक जण इथेच थांबतात. मात्र थांबल्यास कुत्र्याला आयुष्यभर महागड्या खाद्यावर ठेवण्याची वेळ येते आणि त्याची गरज होती की नव्हती हे कधीच कळत नाही.

निदान पक्के झाल्यावर दोषी घटक शोधावा. परीक्षेचे अन्न चालू ठेवून त्यात एका वेळी एकच पदार्थ दोन आठवडे घालावा: आधी फक्त दूध, मग फक्त पोळी, मग उकडलेले चिकन, मग अंडे. ज्यावर खाज येईल तो पदार्थ थांबवून कातडी शांत झाल्यावरच पुढचा घ्यावा. पुष्कळ कुत्र्यांत एकदोनच पदार्थ दोषी निघतात, आणि मग ज्वारीच्या किंवा बाजरीच्या भाकरीवर आणि चालणाऱ्या प्रथिनावर घरचा आहार नीट बसवता येतो. तो संतुलित आहे ना, हे मात्र डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

परीक्षेच्या काळातल्या औषधांबद्दल एक सूचना. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खाज असह्य असेल तर डॉक्टर स्टेरॉइड किंवा ओक्लासिटिनिब (एपोक्वेल) देऊ शकतात. ते नंतर थांबवून शेवटचे आठवडे औषधाविना पाहावे लागतात, नाहीतर फरक अन्नाचा की गोळीचा हे समजत नाही. दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन या काळात नकोच, कारण त्याचा परिणाम कित्येक आठवडे रेंगाळतो. एरवीही ‘महिन्याला एक सुई आणि खाज बंद’ ही पद्धत घातक आहे: तहान आणि लघवी वाढते, स्नायू झिजतात, मधुमेहाचा धोका वाढतो, आणि मूळ कारण झाकलेलेच राहते.

पाचवी पायरी: भोवताल

खाद्यपरीक्षा काटेकोर होऊनही खाज तशीच राहिली, तर आता भोवतालच्या ॲलर्जीचे निदान करता येते. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, पग, शिह त्झू यांत ती अधिक आढळते. गावठी कुत्रेही तिच्यातून सुटलेले नाहीत. पुढचे पंजे आणि कानांच्या पाळ्या लाल, पण पाळ्यांच्या कडा आणि कमरेचा वरचा भाग मात्र स्वच्छ, आणि सुरुवातीला पुरळ नसतानाच खाज, हे चित्र तिला जुळते. आता वहीतल्या चौथ्या रकान्याचा उपयोग होतो.

जून ते सप्टेंबर या ओलसर महिन्यांत घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशी आणि कातडीवरचे यीस्ट हे सगळे एकदम वाढतात. याच सुमारास रस्त्याकडेला आणि पडीक शेतात गाजरगवत फुलते. त्याचे परागकण हवेतून पसरतात आणि त्याचा नुसता स्पर्शही पोटाच्या विरळ केसांच्या कातडीला पेटवू शकतो. हराळी, ज्वारी, बाजरी आणि मका ही सगळी गवताच्याच कुळातली आहेत आणि वाऱ्यावर पराग सोडतात. खरिपाची बाजरी पावसाळ्यात फुलोऱ्यावर येते आणि रब्बीची दादर ज्वारी थंडीत, म्हणून शेताच्या बांधावर राहणाऱ्या कुत्र्याच्या वहीत दोन वेगवेगळे चढ दिसू शकतात. कापसाच्या फुलावर मात्र उगीच आळ घेतला जातो. त्याचा पराग जड आणि चिकट असतो, तो कीटकांमार्फत जातो. कापसाचा त्रास होतो तो वेचणीनंतर. भाव येईपर्यंत घरातच रचून ठेवलेल्या कापसाच्या धुळीने घरच्या माणसांनाही खाज सुटते, हे कापूस पिकवणाऱ्या घरांना ठाऊक आहे, आणि कुत्र्याची आवडती झोपण्याची जागा नेमकी तोच मऊ ढीग असतो.

उन्हाळ्यात बाहेरची हवा इतकी कोरडी होते की धुळीतल्या किड्यांना ती मानवू नये. पण ज्या बंद खोलीत कूलर दिवसरात्र चालतो, तिथली हवा ओलीच राहते, आणि मागच्या वर्षीच्या गवती पॅडवर बुरशी असेल तर तीही खोलीभर फिरते. एप्रिल-मेमध्ये, बाहेर सगळे वाळलेले असताना, कूलरच्या खोलीतच राहणारा कुत्रा अधिक खाजवत असेल, तर पॅड बदलावेत, टाकी घासावी, खिडकी उघडी ठेवावी आणि दोन-तीन आठवडे वहीत फरक पाहावा.

या पायरीवर कारण पूर्णपणे हटवणे क्वचितच जमते; त्याचा मारा कमी करणे जमते. फिरून आल्यावर पंजे आणि पोट ओल्या कापडाने पुसावे. आठवड्यातून एकदा कोमट किंवा साध्या पाण्याने अंघोळ घालावी. कुत्र्याची गोधडी आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवावी आणि भर उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावी. खान्देशातले वैशाखाचे ऊन या कामी फुकटचे औषध आहे. अंगणातले गाजरगवत हातमोजे घालून, फुलण्याआधी मुळासकट उपटावे. कापूस ठेवलेल्या खोलीचे दार बंद राहील असे पाहावे.

तेवढ्याने भागले नाही तर औषधांकडे यावे. ओक्लासिटिनिब १२ महिन्यांहून लहान कुत्र्याला देत नाहीत. लोकिव्हेटमॅबचे (सायटोपॉइंट) इंजेक्शन चार ते आठ आठवडे टिकते. सायक्लोस्पोरिनचा परिणाम दिसायला महिनाभर तरी लागतो. माणसांच्या ॲलर्जीच्या गोळ्यांचा, म्हणजे अँटिहिस्टामिनचा, कुत्र्यांत फारसा उपयोग होत नाही आणि काही गोळ्यांतले जोडघटक त्यांना अपायकारक असतात, म्हणून घरातली गोळी देऊ नये. रक्तातील किंवा कातडीवरील ॲलर्जी चाचणीचे काम आता येते, तेही निदानासाठी नव्हे: निरोगी कुत्र्यांतही ती होकारार्थी येऊ शकते. शरीराला ॲलर्जीच्या घटकांची हळूहळू सवय लावणारी लस कोणत्या घटकांची बनवायची, हे ठरवण्यासाठी ती असते. या लसीचा परिणाम जोखायला वर्षभर लागू शकते. धुळे-जळगावच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा खासगी दवाखान्यात पहिल्या चार पायऱ्या पार पाडता येतात; लसीसाठी मात्र परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागेल. जाताना वही, फोटो आणि दिलेल्या प्रत्येक औषधाचे वेष्टन सोबत न्यावे.

शेवटी एक निकाल असाही येतो की परीक्षेच्या अन्नावर खाज ८ वरून ४ वर येते आणि तिथेच थांबते. ती परीक्षा फसलेली नसते. काही कुत्र्यांना दोन्ही ॲलर्जी असतात, आणि दोन्हींचा भार एकत्र झाला की खाज सुरू होते. अशा वेळी जुने अन्न देऊन ४ पुन्हा ८ होतो का ते पाहावे. झाला, तर दोषी पदार्थ कायमचा बंद करून उरलेल्या ४ गुणांसाठी पाचवी पायरी सुरू करावी. एक भार उतरल्यामुळे पुष्कळदा औषधाची मात्राही कमी पुरते. चेहरा अचानक सुजला, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर मात्र यातली कोणतीही पायरी न पाहता लगेच दवाखाना गाठावा.